दिवे मालवणारा

सकाळ अंधारलेली होती. आईने चहा झाल्यावर निळा कप विसळून खिडकीत उपडा घातला, टेबलावरचा दिवा लावला आणि ती मुलाशेजारी बसली. वडिलांनी चितारलेली चित्रफीत तो आज संग्रहालयाला देणार होता; त्याआधी त्याने ती एकदा पडद्यावर लावली.

पूर्वी टीव्हीचे कार्यक्रम संपले की हीच फीत लागे. कंदीलवाला म्हातारा घराघरांतले दिवे मालवत जाई आणि पडदा काळा होई. वडिलांनी त्याला स्वतःची लंगडी चाल दिली होती. ते वारल्यावरही त्या म्हाताऱ्याला पाहिल्याखेरीज आई अंथरुणाला पाठ टेकत नसे.

आज म्हातारा शेवटच्या घरापाशी थांबला.

"अडकली वाटतं फीत."

"अडकली कसली? कंदिलाचा धूर हलतोय बघ," आई म्हणाली.

मुलाने निरखून पाहिले. त्या घराच्या खिडकीत निळा कप उपडा होता. तो पूर्वी कधीच नव्हता.

"एवढा तुकडा कापून टाकतो, आई."

"नको रे. जन्मभर लोकांचे दिवे मालवले त्याने. दमला असेल."

तिने हात लांबवून टेबलावरचा दिवा मालवला. पडद्यावरची खिडकीही विझली. म्हातारा लंगडत दाराकडे वळला.

आई उठली आणि तिने दाराची कडी हळूच काढली.