सीमा सरकली तेव्हा

जागचं हलत नाही म्हणून लाल शेवाळ पेरून दोन शेजारी देशांनी समुद्रात सीमा आखली होती. आज भरतीबरोबर तीच अलीकडे सरकली आणि मोरेश्वर तांडेलाची होडी परदेशात गेली. शेजाऱ्यांची गस्तीनौका लगेच आली.

"सीमा ओलांडलीत. चला तुरुंगात."

"साहेब, होडी जाळ्यासकट तळातल्या खुंटाला बांधलीय. ओलांडणार कसा?"

अधिकाऱ्याने दोर ओढून पाहिला. खुंट हलेना.

"म्हणजे सीमाच फिरते?"

"ओहोटी लागू दे, बघा."

दोघेही बघत राहिले. ओहोटीबरोबर लाल पट्टा होडीखालून गेला, मग गस्तीनौकेखालूनही.

"आता तुम्ही आमच्याकडे," मोरेश्वर हसला. "बेड्या नाहीत, भात-कालवण आहे."

अधिकाऱ्याने घाईने इंजिन सुरू करवलं. मग मागे वळून विचारलं, "कालवण कशाचं?"