शनिवारची जाळी

आदर्शचं लग्न झालं त्या वर्षी, २०२३च्या डिसेंबरात, एका शनिवारी बायाक्का बेळगावच्या भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक घेऊन उभी होती. मोडक्या स्पीकरचं ते जाड चुंबक घरात सांडलेल्या सुया गोळा करायला असायचं.

तिच्या पोराचा, आदर्शचा, पिरनवाडीत कोळशावर कोंबडी भाजायचा गाडा होता. झाकणाच्या गोल ग्रिलची जाळी गंजून मधोमध तुटली होती. उद्या रविवार, गिऱ्हाइकांचा दिवस, आणि भांड्यांचं दुकान बंद. जाळी आजच हवी होती.

पण शनिवारी लोखंड घ्यायचं नसतं. त्यात आदर्शला साडेसाती. उन्हाळ्यात त्यानं शनिवारी सुरी आणली आणि सोमवारी त्याची मोटारसायकल ट्रकखाली जाता जाता राहिली. तेव्हापासून त्याला यायला जरा उशीर झाला की बायाक्का रस्त्यावर येऊन उभी राहायची.

दुकानदार गुंडूनं सुतळीच्या मापानं जाळ्या मांडल्या. बिडाची जड होती, आच धरून ठेवणारी. चुंबक खटकन चिकटलं. चकचकीत मुलाम्याचीही चिकटली. स्टीलची म्हणून दाखवलेलीसुद्धा.

"शनी काय चुंबक घिऊन हिंडतोय व्हय गं?" तिचा नवरा परशराम म्हणाला.

"तुमी गप बसा. पोराच्या जिवाचा सवाल हाय."

तेवढ्यात आदर्शचा फोन आला, जाळी मिळाली का म्हणून. परशरामनं लेंग्याच्या खिशातून मोबाईल काढला. पोराच्या लग्नाआधी परशरामच्या छातीत डावीकडं मशीन बसवलं होतं. हृदयाचा ठेका बिघडला की ते आतून झटका द्यायचं. डॉक्टरांनी कन्नडमध्ये बरंच काही बजावलं होतं. घरात एवढंच लक्षात राहिलं, वरच्या खिशात मोबाईल ठेवायचा नाही, नाहीतर मशीन गप्प बसतं.

गुंडूनं आतून आणखी एक जाळी आणली. चुंबक तिच्यावरून घसरून खाली पडलं. हे भारी स्टील, गंजायचंही नाही, असं तो म्हणाला. बायाक्कानं चुंबक पुन्हा पुन्हा लावून बघितलं, मग डोळे मिटून हात जोडले.

जाळी दोन्ही हातांनी धरायची म्हणून तिनं चुंबक नवऱ्याच्या सदऱ्यात सरकवलं. रिक्षात वाटभर समोरून येणारा प्रत्येक ट्रक ती बघत होती.

पिरनवाडीत आदर्श गाड्यापाशी धडधाकट उभा होता. जाळी बरोबर बसली. कोळसा फुलला, दिवस मावळला, पोराला काही झालं नाही. कितीतरी महिन्यांनी बायाक्काचा जीव भांड्यात पडला.

"बघा, लोखंड न्हाय म्हणूनच," ती मागं वळून म्हणाली.

खुर्चीत परशरामची मान कलली होती. मायलेकांनी त्याला जमिनीवर निजवलं. मशीननं मागं एकदा झटका देऊन त्याला उठवलं होतं. आताही देईल म्हणून बायाक्का त्याच्या छातीकडं बघत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सदऱ्याच्या डाव्या खिशातून चुंबक काढून तिच्या हातावर ठेवलं. परशराम शनिवारी, २ डिसेंबर २०२३ रोजी, दिवेलागणीला गेला.