दम तुटला तेव्हा

गाणं संपलं. टाळ्या थांबायच्या आत मागून एका बाईंचा आवाज आला, “त्या चढाईत अपेक्षाचा दम ऐकलास तू?”

सृष्टीनं वळून पाहिलं आणि तिच्या हातातला माइक खाली आला. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी दुपारी पंधरा-वीस मुलं रॅप करायला जमत. आज त्यांच्यात सुशीलाबाई उभ्या होत्या. ‘बहिरा पंच’ हे सृष्टीचं गाणं ज्यांच्यावर होतं, त्याच.

महिन्यापूर्वी कबड्डीच्या अंतिम सामन्यात सृष्टीची मोठी बहीण अपेक्षा शेवटच्या चढाईला गेली. दोघींना टिपून परत आली. सुशीलाबाईंनी मात्र दम तुटला म्हणून तिला बाद दिलं. संघ हरला. सृष्टीनं दुसऱ्याच दिवशी गाणं केलं आणि पोरांनी ते डोक्यावर घेतलं. पुढच्या स्पर्धेच्या पंचांमधून सुशीलाबाईंचं नाव गळलं.

“व्हिडिओत सगळं दिसतंय, मॅडम,” सृष्टी म्हणाली. “तिचा हात रेषेला लागलाय.”

“हात दिसतो. दम दिसत नाही, तो ऐकावा लागतो. तू घशावर जगतेस, तुला मी काय सांगायचं?”

अपेक्षा स्पीकरपाशी बसली होती. बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत होती.

“ताई, सांग ना यांना.”

“तुटला होता,” अपेक्षा म्हणाली. “रेषेच्या हातभर आधी. मी सांगणार होते गं. तोवर तुझं गाणं आलं, सगळे माझ्या बाजूनं बोलायला लागले. मग धीरच झाला नाही.”

सुशीलाबाईंनी पर्स खांद्याला लावली आणि त्या गेटकडे निघाल्या.

“गाणं काढून टाक,” बीट वाजवणारा आमोद हळूच म्हणाला. “विषय संपेल.”

सृष्टीनं माइक पुन्हा वर घेतला. “नुसतं काढलं तर मी गप्प बसले एवढंच होईल. बीट लाव. आणि रेकॉर्डिंग चालू ठेव.”

लिहिलेलं काहीच नव्हतं. पहिल्याच शब्दाला ती अडखळली. थांबली, पुन्हा सुरुवात केली.

“पंचाचा कान खरा, माझाच शब्द खोटा,
सामन्याला गेलेच नव्हते, आवाज केला मोठा.”

अपेक्षा उठून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. गेटापाशी पोचलेल्या सुशीलाबाई मागे फिरल्या आणि एका उभ्या स्कूटरवर टेकल्या.

“यमक जमलंय,” त्या म्हणाल्या. “पुढं?”