पहिल्या मिठाचा आधार

प्रबंधाचे मार्गदर्शक सुधीर सरांनी जागृती आणि सुचित्रा, दोघींना आपल्या खोलीत बोलावले होते. टेबलावर जागृतीच्या प्रबंधातले मिठागरांवरचे प्रकरण उघडे होते. एका वाक्याखाली सरांची पेन्सिल फिरली होती: हंगामाचे पहिले मीठ विकत नसत; बायका ते ओंजळीने खाडीला परत देत.

"हे वाक्य मुक्त ज्ञानकोशात आहे," सर म्हणाले. "तिथे कोणीही लिहितं, म्हणून मी खालची तळटीप पाहतो. तळटिपेत सुचित्राचा लेख आहे. तुझ्या प्रकरणात मात्र तिचं नाव नाही."

सुचित्रा शेजारच्याच खुर्चीत होती. वर्तमानपत्रातल्या त्या लेखानंतर विभागात लोक तिला ओळखू लागले होते.

"सर, ज्ञानकोशात ते पयलं मीच टाकलेलं," जागृती म्हणाली. "लॉगिन न करता. आधार नाही म्हणून लगेच उडवलं कुणीतरी. मग हिचा लेख आला, आनि त्याच्या आधारानं तेच परत चढवलं."

"तुझा आधार काय?"

"माझी आय. मिठागरात कामाला होती."

"ध्वनिमुद्रण?"

"राहिलं, सर. आय गेली."

सुचित्रा खिडकीबाहेर पाहत राहिली. सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने मिठागरांविषयी मिळेल ते सारे वाचून काढले होते. जागृतीला वाचावे लागले नव्हते. तिच्या आईच्या टाचांच्या भेगांतच ते पांढरे साकळून होते. असले काही कुठल्या ग्रंथालयात मागायचे? कँटीनमध्ये जागृतीने मोबाइलवर ज्ञानकोशाचे पान पुढे केले होते, "बघ, आयचं लिवलंय." तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड सुचित्राला सोसला नव्हता. त्याच आठवड्यात तिने ते वाक्य घालून वर्तमानपत्राला लेख पाठवला.

"मग आता सुचित्राच सांगू शकेल," सर म्हणाले. "नाहीतर हे प्रकरण उसनं ठरेल. सुचित्रा, तुला हे कुणाकडून कळलं?"

जागृती तिच्याकडे वळली.

"सांग ना गं. लेख राहू दे तुझाच. आयचं नाव तेवढं घे."

सुचित्राने ओढणी सावरली, पिशवी उचलली. बाहेर पडताना तिने दार इतक्या हळुवारपणे लावले, की जणू आत कोणी निजले होते.