बुडालेल्या घराचा पत्ता

कंपनीची नोंदणी करायला कुमुदिनी कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि पडद्यावरचा परदेशी अधिकारी पत्त्यांची यादी चाळत होता. त्याचा देश केव्हाच समुद्रात बुडाला होता. परदेशी लोक तिथल्या पत्त्यांवर कंपन्या काढत राहतील, तोवरच जग त्याला देश मानणार होतं.

“सगळे पत्ते संपले,” तो अखेर म्हणाला. “हे एकच घर राखून ठेवलं होतं. आता ते तुमच्या सरबताच्या कंपनीचं.”

पडद्यावर निळ्या पाण्यात ते घर उजळलं. दारावर पोवळी फुलली होती. खिडक्यांतून मासे घरच्यांसारखे ये-जा करत होते. भान हरपून कुमुदिनीनं पडद्यावरच्या उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं.

“वहिनी, तो कॉम्प्युटर आहे, तुळस नव्हे!” शेजारी बसलेला दीर हसला.

“भाऊजी, दुसऱ्याच्या वास्तूत शिरताना विचारावं लागतं.” तिनं हात जोडले. “साहेब, इथं कोण राहायचं?”

अधिकारी घराकडे पाहत राहिला. मग खिशातून त्या दाराची गंजलेली किल्ली काढून कॅमेऱ्यासमोर ठेवली आणि उठून गेला.