बुडाजवळचा चर

एल्डन सूप पिऊन आडवा झाला आणि घोरायला लागला, तशी आर्डिसनं एप्रनला हात पुसले आणि मागच्या शेडमध्ये गेली. तिच्याकडे पाऊण तास होता.

बाकावरच्या लाकडी ठोकळ्यात चाळीस पितळी पुंगळ्या ओळीनं उभ्या होत्या. गेल्या वर्षी उडवलेल्या काडतुसांच्याच त्या. एल्डननं सकाळभर बसून निवडल्या होत्या. उद्या तो त्यांत बंदुकीची दारू भरणार, वर नव्या गोळ्या बसवणार, आणि शनिवारी त्यांची लेक सिग्ने ती काडतुसं घेऊन एल्क जातीच्या हरणांच्या शिकारीला डोंगरात जाणार. बावीस वर्षं असंच चाललं होतं. फरक एवढाच, की गेल्या सहा वर्षांत एल्डनच्या डोळ्यांनी दगा दिला होता. आता हे त्याला सांगायचं कुणी?

सिग्नेनं कालच फोनवर विषय काढून पाहिला होता.

"आई, यंदा मी दुकानातली घेते ना. परवा बाबांना समोरची मिठाची बाटली दिसली नाही."

"बाटली माझ्या कोपराआड होती," आर्डिस सरळ खोटं बोलली. "दुकानातली घेतलीस तर तो हाय खाईल बघ. उन्हाळ्यात गाडीची किल्ली काढून घेतली आपण. आता हेही काढून घ्यायचं?"

"अगं, पण रायफलीला गाल माझा लागलेला असतो. पुंगळी बुडाशी फाटली तर दारूची जळती वाफ माझ्या डोळ्यांत जाणार, बाबांच्या नाही."

"मी आहे ना. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही पुढं जात नाही, माहितीये तुला."

"तू बघतेस म्हणून घेते," सिग्ने म्हणाली. " नाहीतर बाबांचा रुसवा परवडला."

आर्डिसनं स्टूल ओढलं आणि खिळ्यावरची तार काढली. पुंगळी पुन्हापुन्हा वापरली की पितळ ताणलं जातं. बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूनं ते पातळ होतं आणि तिथं बारीक चर पडतो. बाहेरून बघावं तर नवीकोरी, आत उजेड पाडला तरी चर दिसतो तो फक्त तीक्ष्ण नजरेला. म्हणून टोक वाकवलेली तार आत घालायची आणि भिंतीवरून हलकेच वर ओढायची. चर असला तर टोक अडखळतं. आर्डिसचा जन्म गोधड्या शिवण्यात गेला होता. टाका कुठं निसटलाय हे तिला न बघता कळायचं. तारेचं काम तिनं एल्डनकडं बघूनच उचललं होतं आणि त्याला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

शेडमध्ये गारठा होता. ऑक्टोबर लागला की तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. यंदा सप्टेंबरपासूनच सुरुवात झाली होती. हात काखेत धरून तिनं थोडी ऊब घेतली आणि कामाला लागली.

दुसऱ्या ओळीत एक सापडली. चौथ्या ओळीत दोन, शेजारी शेजारी.

"अरे, म्हाताऱ्या," ती पुटपुटली. "ह्या कशा सोडल्यास तू?"

चाळीसही झाल्या. तीनच निघाल्या. दरवर्षी चार निघायच्या, सहा वर्षं चार म्हणजे चार. तिनं शेवटची ओळ पुन्हा तपासली. सगळ्या ठीक होत्या. मग मात्र तिला मनापासून बरं वाटलं. कालच मिळालेल्या नव्या चष्म्यानं गुण दिला म्हणायचा. सिग्नेला आजच फोन करून सांगायला हवं, तुझे बाबा सुधारले म्हणून.

काढलेल्या तिन्ही पुंगळ्या तिनं भंगाराच्या बादलीत टाकल्या. एप्रनच्या खिशातून तीन चांगल्या काढून त्यांच्या जागी ठेवल्या, तार खिळ्याला अडकवली आणि स्टूल होतं तसं सरकवलं.

एल्डन उठला, कॉफी घेतली आणि शेडकडं गेला. आर्डिस केक कापत होती, तेवढ्यात त्याची हाक आली.

"आर्डिस, जरा येतेस इकडं?"

शेडमध्ये तो तिला कधी बोलवत नसे. ती गेली. बादली बाकावर होती आणि त्याच्यासमोर तीन पुंगळ्या मांडलेल्या होत्या.

"एल्डन, तुझ्यावर भरवसा नाही असं नव्हे रे..."

"ठाऊक आहे मला. सहा वर्षं ठाऊक आहे. बस."

ती बसली.

"माझे डोळे गेले हे मला तुझ्याआधी कळलं," तो म्हणाला. "तेव्हापासून मीही तारेवरच काम चालवतो. पण एका म्हाताऱ्याच्या हातावर विसंबून पोरीला डोंगरात धाडू? मागून तुझी बोटं फिरतात, म्हणून मी निर्धास्त झोपतो."

"तू झोपलेला नसतोस?"

"झोपतो की. तू शेडचं दार लावलंस, की लागते झोप."

आर्डिसला हसू आलं. इतकी वर्षं पावलं न वाजवता यायची, आणि हा सगळं ऐकत पडलेला. तो मात्र हसला नाही.

"लाकडाच्या मिलमध्ये मी फळ्या पारखायचो, तेव्हा मुकादम मुद्दाम गठ्ठ्यात कुजक्या फळ्या घुसवायचा. पारखणाऱ्याचा हात अजून चालतो का बघायला. मला त्याचा राग यायचा. पण सिग्नेसाठी मीही तेच करतो. जुन्या, चर पडलेल्या पुंगळ्या राखून ठेवल्यात. खूण म्हणून बुडाला कानशीनं खाच मारलीय. दरवर्षी मीच त्या तुझ्यासाठी ठोकळ्यात मिसळतो. चार."

त्यानं ठोकळ्यावर हात नेला, शेवटच्या ओळीतली एकेक पुंगळी उचलून बुडावरून नख फिरवलं आणि खाच लागली ती तिच्या हातात दिली. खिळ्यावरची तारही दिली.

आर्डिसनं तार आत घातली आणि भिंतीवरून वर ओढली. मग पुन्हा ओढली. तिला ती गुळगुळीतच लागली.