कुंकवाचा हात

बेटावरचा शिलालेख एकदा प्रत्यक्ष वाचायचा म्हणून इतिहासाचे निवृत्त मास्तर व्यंकटराव औरंगपुऱ्यातून एसटीत कंबर मोडून घेत आले होते. होडीतून उतरून ते धापा टाकत खडक चढेस्तोवर पुढं गेलेल्या बायकोनं लेखावर कुंकवाचा हात फिरवलासुद्धा. “अगं, देव नाही तो. नासवलास सगळा लेख.” “लेकीचं यावेळचं बाळ तरी जगू दे, एवढंच मागितलं मी,” म्हणत बायको डोळे मिटून उभीच. करवादत व्यंकटरावांनी चष्मा चढवला, तर कुंकू झिजलेल्या अक्षरांत बसल्यानं ओळी लख्ख दिसत होत्या. शेवटची ओळ वाचून ते थबकले: ‘लेख नासवील त्याचा वंश बुडेल.’ “काय लिहिलंय हो?” बायकोनं विचारलं. “लिहिलंय, हात लावील त्याचं घर नातवंडांनी भरेल. चल आता, होडी सुटेल,” खेकसत व्यंकटरावांनी तेवढी शेवटची ओळ रुमालानं घासून पुसून टाकली.